छोट्या गिगसाठी बेस अॅम्प: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॅमरूममध्ये, दुकानाच्या काउंटरवर आणि गिग संपल्यावर सामान गाडीत चढवताना हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उत्तरं लिहिताना डोळ्यांसमोर आपल्याकडचा नेहमीचा बँड आहे: एक ड्रमर, एक-दोन गिटार, कीबोर्ड, गायक आणि बेस गिटारवर तुम्ही. जागा कॅफेची, कॉलेज फेस्टची, सोसायटीच्या हॉलची किंवा गोव्यातल्या लग्नाची, पन्नास ते दीडशे माणसांची.

थेट आकडा सांगा. किती वॉट घेऊ?

बँडमध्ये खरा ड्रमकिट वाजत असेल तर २०० ते ३०० वॉट, आणि त्याच्या जोडीला एक चांगला १२ इंची किंवा दोन १० इंची स्पीकर. काहोन (बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी) किंवा ऑक्टोपॅड असेल आणि गिटार अकॉस्टिक असतील तर १०० वॉटमध्ये भागतं. ४० वॉटचा अॅम्प घरच्या रियाझाला छान. ड्रमकिटशेजारी तो पहिल्याच गाण्यात दम टाकतो.

इथे मी हॉल केवढा आहे ते विचारलं नाही, ड्रमर कसा वाजवतो ते धरून चाललो. प्रेक्षकांपर्यंत बेस पोचवणं पीएचं (हॉलच्या मिक्सर-स्पीकरांचं) काम. स्टेजवर तुम्हाला, ड्रमरला आणि गायकाला तो स्वच्छ ऐकू येणं, हे तुमच्या अॅम्पचं काम. म्हणून अॅम्पचं माप ड्रमरवरून घ्यायचं. जॅमरूममध्ये ड्रमरला तुमच्या यादीतलं सगळ्यात जोरातलं गाणं वाजवायला सांगा. त्याच्यासोबत तुमचा आवाज न फाटता टिकला की अॅम्प पुरेसा आहे.

गिटारवाल्याचं ३० वॉटमध्ये निभतं. मला त्याच्या जवळजवळ दहापट का?

गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झला वाजते, बेसची ई तार ४१ हर्ट्झला, म्हणजे एक सप्तक खाली. एकाच स्पीकरमधून तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर त्याच्या कोनाला (समोरच्या हलत्या पडद्याला) चौपट पुढेमागे हलावं लागतं. वर आपले कान खालच्या सुरांना मंद असतात. मधल्या पट्टीतला एखादा सूर मध्यम आवाजात जितका ठळक वाटतो, तितकाच ठळक ४० हर्ट्झचा सूर वाटायला २५-३० डेसिबल जास्त द्यावे लागतात.

पण माझ्या मते यापेक्षा मोठं कारण वेगळं आहे. गिटारवाल्याला फाटलेला अॅम्प चालतो, किंबहुना तोच हवा असतो. ओव्हरड्राइव्ह हा त्याचा आवाज आहे. बेस मात्र बहुतेक गाण्यांत स्वच्छ लागतो. आणि बेसचा आवाज सपाट नसतो. तारेवर बोट पडतं त्या क्षणी आवाज उसळतो, मग खाली बसतो. त्या उसळीला सरासरीच्या दहापट ताकद सहज लागते. सरासरी २० वॉटवर आरामात चाललेला बेस स्लॅपच्या (तारेवर अंगठा आपटण्याच्या) एका फटक्याला २०० वॉट मागतो. अॅम्पकडे ते नसतील तर तो फटका चेपला जातो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की बेसिस्टच्या हातात जोर नाही. वरचे वॉट ठेवायचे ते या उसळीसाठी. आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवायला ते नसतात.

मग २०० ऐवजी ४०० वॉट घेतला तर आवाज दुप्पट होईल?

नाही होणार. वॉट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात, आणि ३ डेसिबलचा फरक लक्ष देऊन ऐकलं तर जाणवतो इतकाच. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, त्यासाठी वॉट दहापट करावे लागतात. २००चे २,०००.

ज्याला खरोखर जास्त आवाज हवा आहे त्याने स्पीकरकडे बघावं. कॅबिनेटच्या (स्पीकरच्या खोक्याच्या) माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी नावाचा आकडा असतो: १ वॉट दिला असता १ मीटरवर किती डेसिबल मिळतात. १०० डेसिबलचं कॅबिनेट १०० वॉटवर १२० डेसिबल देतं. ९४ डेसिबलच्या कॅबिनेटला तिथे पोचायला ४०० वॉट लागतात. दुकानात मात्र कोणी या आकड्याबद्दल विचारत नाही, सगळे वॉट विचारतात. तसंच, एका कॅबिनेटला अगदी तसंच दुसरं जोडलं तर हवा ढकलणारा पृष्ठभाग दुप्पट होतो, बहुतेक हेडमधून (स्पीकर नसलेल्या नुसत्या अॅम्पमधून) वॉटही जास्त निघतात, आणि मिळून ६ डेसिबलच्या आसपास फायदा होतो. नवं दुप्पट वॉटचं हेड घेऊन हे मिळत नाही.

म्हणून पैसे बेताचे असतील तर मोठा वाटा स्पीकरवर खर्च करा. हेड नंतर बदलता येतं.

इथेच आणखी एक गोष्ट. छोटं खोकं, खोल बेस आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच एका वेळी मिळतात. स्पीकरच्या विश्वात हा हॉफमनचा नियम म्हणून ओळखला जातो. पाठीवर टांगता येईल असं खोकं भिंती हादरवतं अशी जाहिरात दिसली, तर ते वॉट किती खातं आणि किती खाली जातं हे तपासा.

अॅम्पवर छापलेले वॉट खरे असतात का?

टेपरेकॉर्डरच्या जमान्यात खोक्यावर पीएमपीओचे (क्षणिक कमाल ताकदीचे) हजारांत आकडे छापलेले असत, आणि आतला आवाज खोलीपुरताच असे. बेस अॅम्पच्या नावाजलेल्या कंपन्या इतकं ताणत नाहीत, तरी आकडा वाचताना दोन गोष्टी बघायच्या. पीक (क्षणभराची ताकद) लिहिलंय की आरएमएस (सतत मिळणारी), आरएमएस धरा. आणि किती ओहमवर.

फेंडरच्या रंबल ५०० या कॉम्बोचं (अॅम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) उदाहरण घ्या. नावात ५०० आहे, पण आतले दोन १० इंची स्पीकर एकटे चालू असताना तो ३५० वॉट देतो. बाहेरून दुसरं कॅबिनेट जोडून एकूण ४ ओहम झाले की ५००. कंपनीने हे लपवलेलं नाही, माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं आहे. वाचणाऱ्याने वाचायला हवं. आणि छोट्या गिगला ३५० भरपूर आहेत.

ओहमची भानगड नेमकी काय? मला गणित जमत नाही.

गणित फारच थोडं आहे. ओहम म्हणजे स्पीकर अॅम्पपुढे किती अडथळा उभा करतो. अडथळा कमी तितका करंट जास्त वाहतो, वॉट जास्त निघतात, अॅम्प जास्त तापतो. ८ ओहमची दोन कॅबिनेट एकत्र जोडली की ४ ओहम होतात. ४ ओहमची दोन जोडली की २. बहुतेक आधुनिक हेडची खालची मर्यादा ४ ओहम असते आणि ती मागच्या पॅनलवर, स्पीकरच्या सॉकेटजवळ छापलेली असते. त्याच्या खाली गेलात तर अॅम्प स्वतःला बंद करतो. जुना असेल तर जळतो.

यावरून खरेदीची युक्ती निघते. पहिलं कॅबिनेट ८ ओहमचं घ्या. ४ ओहमवर ५०० वॉट देणारं हेड ८ ओहमवर साधारण २५० ते ३०० देतं, छोट्या गिगला तेवढं पुरतं. पुढेमागे मोठं काम मिळालं की तसंच दुसरं ८ ओहमचं जोडा, हेड पूर्ण ताकदीने चालेल. पहिलंच ४ ओहमचं घेतलंत तर दुसरं जोडायची वाट तिथेच बंद होते.

ट्यूब अॅम्पचे (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या) नियम वेगळे आहेत. त्याला स्पीकर न जोडता कधीही चालू करायचं नाही, आणि मागचा ओहमचा स्विच कॅबिनेटशी जुळलाच पाहिजे.

आणि वायर. हेड ते कॅबिनेट यामध्ये स्पीकर केबलच लावा, शक्यतो स्पीकॉनची (वळवून अडकणाऱ्या जोडणीची). गिटारची केबल दिसायला तशीच असते, जॅकही बसतो, पण आतली तार केसासारखी बारीक. ती तापते, आणि अॅम्पला घेऊन जाते.

१० इंची, १२ की १५?

१५ इंची म्हणजे जास्त खोल, १० इंची म्हणजे कडक, हे समीकरण सगळीकडे ऐकू येतं. खोली ठरते ती खोक्याच्या आकारावर, पोर्टवर (खोक्याच्या भोकावर) आणि त्यात कोणता ड्रायव्हर (स्पीकर) बसवलाय यावर. चांगल्या खोक्यातले दोन १० इंची स्पीकर स्वस्तातल्या १५ इंचीपेक्षा खाली जाऊ शकतात. कानाने निवडा. मला स्वतःला छोट्या जागेसाठी एक १२ इंची आवडतो: उचलायला सोपा, मधला आवाज भरीव, आणि लागला तर वर दुसरा ठेवता येतो.

कॉम्बो घेऊ की हेड आणि कॅबिनेट वेगळं?

तुम्ही गिगला कसे जाता? मुंबईत लोकलने आणि पुढे रिक्षाने जाणाऱ्याला १३ किलोचा कॉम्बोही दादरच्या पुलावर जड होतो. पुण्यात स्कूटरच्या पायाशी १२ इंची छोटा कॉम्बो बसतो, दोन १० इंचीवाला बसत नाही. गाडी असेल तर प्रश्न उरत नाही.

क्लास डी या हलक्या अॅम्पच्या तंत्रामुळे हेड आता दोन-तीन किलोंवर आली आहेत. ट्रेस एलियटचं एल्फ तर किलोभरही नाही आणि ४ ओहमवर २०० वॉट देतं. बेसच्या पिशवीच्या खिशात मावतं. ज्या जॅमरूममध्ये किंवा कॅफेत कॅबिनेट आधीच ठेवलेलं असतं तिथे असं हेड सोन्यासारखं. स्वतःचा आवाज सोबत नेता येतो आणि पाठ वाचते. कॉम्बोचा फायदा हा की जोडाजोडी नाही, ओहम जुळवायचे नाहीत, विसरायला वायर नाही. पहिला अॅम्प असेल तर मी कॉम्बोच सांगेन. त्याला बाहेरचा स्पीकर जोडायचं सॉकेट आहे का तेवढं बघून घ्या; बऱ्याच छोट्या मॉडेलांना ते नसतं.

ट्यूब अॅम्पची मजा वेगळी म्हणतात. घ्यावा?

आवाजाची मजा खरी आहे. १९६९ साली आलेला अँपेगचा एसव्हीटी ३०० वॉटचा, सगळा ट्यूबवर चालणारा, आणि आठ १० इंची स्पीकरांच्या कॅबिनेटसोबत आजही रॉक बेसचा मानदंड. पण नुसतं हेडच ३५ किलोंच्या वर, कॅबिनेट ६० किलोंच्या वर. छोट्या गिगला तो नेणं म्हणजे दोन माणसांची मजुरी. बरं, त्याआधी १९६०मध्ये आलेला त्याच कंपनीचा बी-१५ फक्त २५-३० वॉटचा होता आणि एका १५ इंची स्पीकरवर क्लब गाजवत होता. त्या काळी ड्रमर हलक्या हाताने वाजवत. जॅझचं त्रिकूट असेल तर आजही तेवढ्यात होतं.

हॉलमध्ये पीए आहेच. मग अॅम्प कशाला, बेसची वायर थेट मिक्सरला (लाइन) देतो.

देता येते, आणि चांगला पीए, सबवूफर आणि व्यवस्थित मॉनिटर (वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेले स्पीकर) असतील तर काहीच बिघडत नाही. अडचण अशी की आपल्याकडच्या छोट्या कार्यक्रमाला बहुतेक वेळा दोन स्टँडवर दोन टॉप (वरचे स्पीकर) असतात, सब नसतो, आणि मॉनिटर एकच, तोही गायकासमोर. अशा टॉपमध्ये बेस आणि किक (ड्रमकिटचा पायाने वाजणारा मोठा ड्रम) दोन्ही ढकलले की गायकाचा आवाज गढूळ होतो. मग साउंडवाला पहिला बेस कमी करतो. तुमच्याकडे अॅम्प असेल तर पीएमधून बेसची फक्त ओळख जाते आणि जाडपणा स्टेजवरून येतो. छोट्या जागेत हे मिश्रण फार सुंदर बसतं.

म्हणून अॅम्प घेताना मागे एक्सएलआरची (माइकच्या तीन पिनांच्या वायरची) डीआय आउट, म्हणजे मिक्सरला थेट लाइन द्यायचं सॉकेट, असलीच पाहिजे. ही एक गोष्ट नसेल तर मी बाकी कितीही चांगला अॅम्प सोडून देईन. तिथे प्री आणि पोस्ट असा स्विच असेल तर तो प्रीवर ठेवा, म्हणजे तुम्ही स्टेजवर बास-ट्रेबल (खालच्या-वरच्या आवाजाची बटणं) फिरवलं तरी मिक्सरवर जाणारा आवाज बदलत नाही. साउंडचेकला जाऊन आधीच सांगावं: "दादा, बेसची लाइन अॅम्पमागून एक्सएलआरने देतोय, प्री ठेवलीये. स्टेजचा आवाज मी बघतो, तुम्ही फक्त समोरचं बघा." बहुतेक साउंडवाले हे ऐकून खूश होतात, कारण त्यांचा निम्मा त्रास स्टेजवरच्या मोठ्या आवाजाचा असतो.

लाइन दिली की घूंऽऽ असा आवाज येतो. अॅम्प खराब आहे का?

शक्यतो नाही. अॅम्प एका सॉकेटवर, मिक्सर दुसऱ्या टोकाच्या सॉकेटवर, दोन्हींच्या अर्थिंगमध्ये फरक, आणि एक्सएलआरने दोघांची जमीन जोडली गेली. मग आपल्या विजेची ५० हर्ट्झची घरघर स्पीकरमधून येते. बेसवाल्याला ती दुप्पट छळते, कारण ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ४९ हर्ट्झचा आहे. जी सुरातली गाणी अशा घरघरीसोबत ऐकली तर सूर लागलाच नाही असं वाटतं.

डीआयजवळ ग्राउंड लिफ्टचा (ही जमिनीची जोडणी तोडणारा) स्विच असतो, तो दाबा. नव्वद टक्के काम तिथे होतं. राहिलं तर अॅम्पला मिक्सरच्याच बोर्डवरून वीज घ्या. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्यात जीव जातो. कार्यक्रमाआधी माइकच्या जाळीला टेस्टर लावून बघा. दिवा लागला तर आधी वायरिंग दुरुस्त करून घ्या, तोवर तारांना हात लावून माइकवर ओठ टेकवू नका. जुन्या मंगल कार्यालयांत आणि रस्त्यावरच्या मंडपात हे हमखास तपासावं.

सगळ्यांना बेस ऐकू येतो, मलाच येत नाही. जास्त वॉटचा घ्यावा लागेल का?

आधी अॅम्पपासून दूर सरका. खुल्या ई तारेची लाट हवेत आठ मीटरपेक्षा लांब असते, आणि गुडघ्यापाशी ठेवलेल्या अॅम्पमधला स्पष्टपणा देणारा वरचा आवाज पिंढऱ्यांवर आपटून तिथेच संपतो. कॉम्बो मागे कलता ठेवा किंवा खुर्चीवर, पेटीवर चढवा, म्हणजे स्पीकर कानाकडे तोंड करेल. एवढ्याने निम्म्या तक्रारी मिटतात.

मग बटणं. खोलीत एकट्याने वाजवताना बास आणि ट्रेबल वर, मिड खाली अशी रचना कानाला गोड लागते. बँड सुरू झाला की किक ड्रम खालची जागा घेतो, झांजा वरची, आणि तुमचा बेस मधून गायब होतो. सेटिंग असं करून बघा: सगळी बटणं मध्यावर, म्हणजे बाराच्या काट्यावर. ड्रमर आणि गिटार वाजत असताना बास थोडा कमी करा, नऊ-दहाच्या काट्यापर्यंत. मिडला फ्रिक्वेन्सी निवडायचं बटण असेल तर ते ४०० ते ८०० हर्ट्झमध्ये हळूहळू फिरवा आणि मिड किंचित वर न्या. एका ठिकाणी बेस एकदम पुढे येईल, सूर न सूर वाचता येईल. एकट्याने ऐकलात तर हा आवाज नाकातला वाटेल. बँडमध्ये तोच बरोबर असतो. आवाजाचं बटण तसंच ठेवून हे घडतं, आणि ज्याला ३०० वॉट कमी वाटत होते त्याला १५० पुरतात.

लाकडी पोकळ स्टेज असेल तर अॅम्पखाली जाड फोम किंवा दुमडलेली सतरंजी घाला, नाहीतर स्टेजच वाजू लागतो. उलट अॅम्प कमी पडत असेल तर तो भिंतीला लागून ठेवा. कोपऱ्यात ठेवलात तर खालचा आवाज आणखी फुगतो, काही वेळा नको तितका. हाय-पास फिल्टर मिळत असेल तर ३०-४० हर्ट्झच्या खालचं कापून टाका. ते कोणाला ऐकू येत नाही, पण वॉट तेच खातं.

माझा बेस पाच तारांचा आहे. वेगळा अॅम्प हवा?

खालची बी तार ३१ हर्ट्झला वाजते आणि छोट्या गिगचं बहुतेक कुठलंही कॅबिनेट तो मूळ सूर पूर्ण काढत नाही. ५०-६० हर्ट्झच्या खाली ती उतरायला लागतात. आपण ऐकतो ते बरंचसं वरचे स्वरांश, आणि मेंदू खालचा सूर स्वतः भरून काढतो. तरी बी तारेवर कोन फार हलतो, म्हणून एक पायरी वर जा: १०० चालत असेल तिथे २००, एक स्पीकर चालत असेल तिथे दोन.

कीबोर्ड अॅम्प किंवा गिटार अॅम्पवर बेस लावला तर चालेल?

कीबोर्ड अॅम्प चालतो, त्याचा स्पीकर खालच्या सुरांसाठीच असतो. गिटार अॅम्प अगदी हळू आवाजात, फक्त सूर बघायला. जोरात वाजवलात तर कोन फाटतो आणि ज्याचा अॅम्प आहे त्याला भरून द्यावा लागतो.

नेमकी मॉडेलं सांगा ना.

काहोनवाल्या कॅफे गिगसाठी फेंडर रंबल १०० किंवा अँपेग रॉकेट बेस आरबी-११२. दोन्ही १०० वॉट, १२ इंची. रंबल दहा किलोंच्या आसपास आहे, एका हाताने नेता येतो. मधल्या पायरीवर हार्टकी एचडी १५० आणि अँपेग आरबी-११५, दोन्हींत १५ इंची, पहिला १५० वॉट आणि दुसरा २००. ड्रमकिट असेल आणि एकदाच घेऊन सुटायचं असेल तर रंबल ५०० किंवा अँपेग आरबी-२१०, दोन १० इंचीवाले. पैसा जास्त असेल आणि पाठ जपायची असेल तर मार्कबासचा मिनी सीएमडी १२१पी: ८ ओहमवर ३०० वॉट, १२ इंची, तेरा किलोंच्या आसपास. छोट्या बँडसाठी यातला मला सगळ्यात आवडणारा हाच. किंमत मात्र दुकानात दचकवते.

घेण्याआधी हात लावून बघा. मुंबईत फुर्टाडोजसारख्या १८६५पासूनच्या दुकानात स्वतःचा बेस घेऊन गेलात तर जोडून वाजवू देतात. दुकानातला महागडा बेस लावून अॅम्प पारखू नका. आवाज त्या बेसचा आवडेल आणि पैसे अॅम्पचे द्याल.

वर्षातून मोजक्याच गिग असतील तर विकत घेऊच नका. मुंबई-पुण्यात बॅकलाइन (अॅम्प, ड्रमकिट असं स्टेजचं सामान) भाड्याने मिळते, आयोजकाला टेक रायडरमध्ये (तांत्रिक मागण्यांच्या यादीत) लिहून द्या: "३०० वॉटचा बेस अॅम्प, डीआय आउटसह." फक्त "बेस अॅम्प" लिहिलंत तर समोर ४० वॉटचा येईल.

सेकंडहँड घेताना काय तपासू?

मोबाइलवर टोन काढणारं अॅप घ्या, ऑक्सच्या सॉकेटमधून ४० ते ४०० हर्ट्झपर्यंत सूर सावकाश चढवत न्या. मध्येच खरखर, फडफड आली तर एकतर कोन घासतोय किंवा खोक्याचा स्क्रू सैल आहे. जाळी काढता आली तर कोनाच्या दोन्ही बाजूंना चारी बोटं ठेवून हलकेच आत दाबा. आत घासल्याचा आवाज यायला नको. कडेचा फोम बोटाला भुग्यासारखा लागला तर तो स्पीकर बदलायला आला आहे.

प्रत्येक बटण फिरवून बघा, थोडी खरखर क्लीनरने जाते. डीआय आउट नक्की तपासा. विकणारे ती विसरतात आणि दुरुस्तीला तीच महाग पडते. मग अर्धा तास जोरात वाजवा. तापल्यावर बंद पडणारा अॅम्प पाच मिनिटांत ओळखू येत नाही. मुंबई, कोकण, गोव्यातला असेल तर जॅकची सॉकेटं आणि आतले स्क्रू गंजलेत का बघा, खारी हवा तिथून आत शिरते. तुमच्याकडेही तेच होईल, तेव्हा पावसाळ्यात अॅम्प जमिनीला टेकवून ठेवू नका आणि आठवड्यातून एकदा तरी तासभर चालू करा.

रात्री किती वाजेपर्यंत वाजवता येतं? बेसवरूनच तक्रारी येतात.

उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक लावता येत नाही. हे २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. बंद सभागृहात आतल्यापुरतं वाजवता येतं. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो.

तक्रार बेसवरून येते कारण खालचा आवाज भिंतीतून पार जातो, गिटारचा अडतो. सोसायटीच्या हॉलमध्ये अॅम्प शेजारच्या घराच्या सामाईक भिंतीपासून दूर, खाली फोम घालून ठेवा आणि ६० हर्ट्झच्या खालचं कमी करा. गाण्याचं फारसं काही जात नाही.

अमेरिकेतला भाऊ येतोय. तिकडून स्वस्तात आणू का?

मागच्या पॅनलवरची ओळ फोटो काढून मागवा. "१००-२४० व्होल्ट" लिहिलं असेल किंवा ११५/२३० असा निवडायचा स्विच असेल तर बिनधास्त आणा. आल्यावर स्विच २३०वर करून मगच प्लग लावा, फ्यूज बदलायला सांगितला असेल तर तोही बदला. नुसतं "१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ" असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो पहिल्याच सेकंदाला जातो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालवता येतो, पण ५०० वॉटच्या अॅम्पला लागेल एवढा ट्रान्सफॉर्मर कॉम्बोशेजारी दुसरं जड ओझं होतं, आणि वॉरंटी बहुतेकदा तिकडचीच राहते. अशा वेळी भावाला फक्त छोटं हेड आणायला सांगा, तेही वरची ओळ तपासून. कॅबिनेटला विजेचा संबंध नसतो, ते इथेच घ्या.